ज्याला मी घड्याळ मानत नव्हतो

उल्हासनगरात कॅम्प दोनला, नेहरू चौकाजवळ माझं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून चाळीसेक वर्षं झाली. उमेदीच्या काळात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले कामगार पगार झाला की एचएमटी घेऊन सर्व्हिसिंगला यायचे. एचएमटी जनताचं मागचं झाकण काढलं की 17 ज्वेलचं ते मशीन पूर्ण समोर दिसायचं, आणि बिघडलेला भाग बदलता यायचा. 2016 मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवलं, ते माझ्या मनाला फार लागलं.

म्हणून स्मार्टवॉच घेऊन कोणी आलं की मी हात लावत नसे. रोज चार्जिंगला लावावं लागतं ते घड्याळ कसलं, असं तोंडावर सांगून परत पाठवायचो. साधा पट्टा बदलून द्यायलाही नकार दिला आहे. त्याचं आज वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, एक तरुण आला. त्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. माझ्या पावतीपुस्तकावर त्याने लिहिलं, ‘घड्याळ बंद.’ मी खाली लिहिलं, ‘साधं घे. सेल टाकला की दोन वर्षं बघायला नको.’ त्याने पेन परत घेतलं आणि लिहिलं, ‘साधं मला उठवत नाही.’

तो बदलापूरला राहतो, अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत कामाला जातो. पहिली पाळी असली की पहाटे मनगटावरची थरथर त्याला जागं करते. पूर्वी आई हलवून उठवायची. ती आता गावी असते.

गजराची घड्याळं मी शेकड्यांनी दुरुस्त केली आहेत. ज्याला गजर ऐकू येत नाही तो कसा उठत असेल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. माझं मत तिथेच, त्या पावतीपुस्तकावर बदललं.

त्याचं घड्याळ उघडायला घेतलं. स्क्रू नाही, काच गोंदाने चिकटवलेली. गरम हवा देऊन सोडवली, तर आत बॅटरी फुगलेली. त्या मापाची बॅटरी उल्हासनगरच्या मोबाइलच्या दुकानांत दोन दिवस हिंडून मिळाली नाही. सेवा केंद्रातून उत्तर आलं, दुरुस्ती होत नाही, नवं घ्या. घड्याळ जेमतेम अडीच वर्षांचं होतं. त्याने नवं घेतलं. पैसे कुठून आणले, ते मी विचारलं नाही.

नंतर मीही एक घेतलं आणि घालून पाहिलं. त्याच्या पाठीचा हिरवा उजेड कातडीखालच्या रक्तात शोषला जातो. दर ठोक्याला रक्त वाढतं तसा परतणारा उजेड कमी होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. एचएमटी सेकंदाला पाच टिकटिक करायचं. ती आम्ही कानाला लावून ऐकायचो. हे यंत्र घालणाऱ्याचे ठोके मोजतं, याचं माझ्यासारख्या कारागिराला मनापासून कौतुक वाटतं. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये खिशातला मोबाइल काढायला हात हलत नाही, तेव्हा घरचा फोन आहे की दुसऱ्या कुणाचा, हे मनगटावर कळतं, तेही मला पटलं.

रात्री मात्र मी ते काढून ठेवतो. झोप चांगली लागलेली असली, तरी सकाळी घड्याळात झोपेचा आकडा कमी दिसला की दिवसभर थकल्यासारखं वाटायचं. शेजारचे एक काका घड्याळात साखर पाहायला लागले होते. त्यांना मी हात जोडून थांबवलं. सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपली मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला आहे. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

पण माझी खरी तक्रार त्या गोंदाची आहे. ज्या वस्तूच्या भरवशावर एखादा माणूस पहाटे उठतो, ती अडीच वर्षांत फेकायची वेळ येऊ नये. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मी ती बातमी कापून दुकानात लावली. अजून आहे.

आता स्मार्टवॉच घेऊन गिऱ्हाईक आलं की मी परत पाठवत नाही. आणि तुम्ही स्मार्टवॉच घ्यायला जाल तेव्हा रंग, पट्टा बघण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा: याची बॅटरी बदलून मिळेल का, आणि कुठे?