‘अडली’ म्हणजे काय झालें?

‘बंदूक अडली’ या दोन शब्दांविषयीं माझी फार दिवसांची तक्रार आहे. ‘बरें वाटत नाहीं’ एवढेंच सांगणाऱ्या रोग्याला कोणता वैद्य औषध देईल? मीं स्वतः बंदूक कधीं चालविलेली नाहीं. परंतु तिच्या दुखण्यांविषयीं वाचण्याचा मला नाद आहे, आणि त्या वाचनांत मला यंत्रापेक्षां भाषेचेंच शिक्षण अधिक मिळालें.

अर्धस्वयंचलित शस्त्राचा चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. पण पुढचीं सारीं कामें शस्त्र आपणच करतें. रिकामी पुंगळी नळींतून ओढून काढावयाची, बाहेर फेंकावयाची, घोडा चढवावयाचा, मॅगझिनमधील नवें काडतूस पुढें सारावयाचें, हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों आटोपतें. यांतील एक काम चुकलें तरी शस्त्र ‘अडलें’च. मात्र पुंगळी नळींतच राहिली असेल, तर संशय मळावर किंवा ती ओढणाऱ्या आंकड्यावर जातो. ती दारांतच उभी अडकली असेल, तर काडतूस दुबळें आहे कीं पिस्तूल धरणारें मनगट सैल आहे, हें पाहावें लागतें. नवें काडतूस वर आलेंच नसेल, तर मॅगझिनची स्प्रिंग तपासावी. म्हणून जाणता कारागीर आधीं पाहतो, मग हात लावतो. तो मॅगझिनांवर क्रमांक घालतो आणि एका वेळीं एकच वस्तु बदलतो. दोष मॅगझिनच्या मागोमाग दुसऱ्या पिस्तुलांत गेला, कीं पहिलें पिस्तूल निर्दोष ठरलें!

जॉन गॅरंड यांची एम-1 रायफल अमेरिकन सैन्यानें 1936 सालीं स्वीकारली. तिच्यांत आठ काडतुसें मावत. आरंभीच्या काळांत ती अडूं लागली, आणि बहुधा सातव्या काडतुसालाच अडे. ‘सातव्या’ या एका शब्दानें शोधाला वाट मिळाली. काडतुसांना आधार देणारा एक कंगोरा कारखान्यांतील नव्या यंत्रांखालीं कापला जात होता, असें अखेर आढळलें.

असें नेमकें ऐकणारें कोणी नसलें म्हणजे काय होतें, तें व्हिएतनामच्या युद्धांत दिसलें. तेथें एम-16 रायफलीच्या पुंगळ्या नळींत रुतून बसत, आणि शत्रु समोर असतांना सैनिकाला तोंडाकडून गज घालून त्या ठोकून काढाव्या लागत. कांहीं सैनिक अशा अडलेल्या रायफलीपाशींच मरून पडलेले आढळले. तक्रारीला पुष्कळदां उत्तर मिळे, ‘तुम्ही बंदूक साफ ठेवीत नाहीं.’ मळ खरा होता. पण साफ करण्याचें साहित्य अनेकांच्या हातीं पोंचलेंच नव्हतें. शिवाय काडतुसांतील दारू बदलली होती. हा बदल पुरेशी परीक्षा न घेतां केल्याचा ठपका 1967 सालीं अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीनें ठेविला. पुढें नळीच्या मागल्या भागाला क्रोमचा मुलामा आला, साहित्यही आलें, आणि रायफल सुधारली. गेलेलीं माणसें मात्र परत आलीं नाहींत.

आपल्या घरांत सुदैवानें बंदुका नसतात; पण ‘मुलगा अभ्यासच करीत नाहीं’ हें वाक्य असतें. तोही ‘अडली’चाच भाऊ! त्याचें कोणत्या पानावर अडतें, हें त्याला कोणी विचारलें आहे काय? दोष कोणाचा हें ठरविण्याची आपणांस इतकी घाई असते, कीं झालें काय हें ऐकून घेण्यास सवड उरत नाहीं.