देवाची पदोन्नती

देवाला विद्यापीठात कायम नेमणूक का मिळाली नाही? अमेरिकी प्राध्यापकांतला हा जुना विनोद: ग्रंथ एकच, तोही संदर्भसूचीविना. प्राध्यापक-कक्षात आम्ही तो सांगून हसत असू. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी गुणांकन आणले, तेव्हा गमतीने ज्ञानेश्वरांचाही अर्ज भरून पाहिला. शके १२१२ चा एक ग्रंथ. तोही गीतेवरील टीका, म्हणजे स्वतंत्र संशोधन नव्हे. आयएसबीएन नाही, चर्चासत्रे शून्य. अपात्र! पुढे स्वतःचा अर्ज भरला. शोधनिबंध, प्रमाणपत्रे, गुण सारे जुळले. आम्ही पात्र ठरलो. त्या धावपळीच्या वर्षांत ज्ञानेश्वरी सलग वाचणे मात्र राहूनच गेले होते. विनोद आम्ही अजूनही सांगतो. त्यात हसे कोणाचे होते, ते आता कळते.