सुवर्णकवचाची जाडी

कर्करोगाची गाठ प्रकाशाने तापवून नष्ट करण्याच्या उपचाराला प्रकाशौष्णिक उपचार म्हणतात. त्यात लेसरची चर्चा अधिक होत असली, तरी खरे कसब लागते ते प्रकाश शोषून उष्णता देणारा कण घडवताना. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला नॅनोशेल, म्हणजे सिलिकाच्या गोळीवर चढवलेले सोन्याचे कवच, हा अशाच कणाचा नमुना. विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाने सोन्यातील मोकळे इलेक्ट्रॉन एकत्र हेलकावू लागतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. या घटनेला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुनाद म्हणतात. गाभ्याच्या मानाने कवच जितके पातळ, तितका हा अनुनाद अवरक्ताकडे सरकतो, आणि सुमारे 700 ते 900 नॅनोमीटरचा प्रकाश रक्त व पाणी कमी शोषत असल्यामुळे शरीरात इतर प्रकाशापेक्षा खोल जातो.

म्हणूनच पंधरा-एक नॅनोमीटरच्या कवचाची जाडी थोडी कमीजास्त झाली, तरी कण भलत्याच तरंगलांबीला प्रतिसाद देऊ लागतो. सिलिकाच्या पृष्ठभागावर आधी सोन्याची बीजे चिकटवली जातात व त्यांवर सोने साठत जाऊन ती एकमेकांना भिडतात. बीजे विरळ बसली, तर कल्हई न धरलेल्या भांड्यासारखे कवच ठिगळाठिगळांचे होते. द्रावणाचा पालटता रंग अनुभवी डोळ्याला बरेच सांगतो, मात्र निवाडा वर्णपटाच्या आलेखावरच करावा लागतो. शेवटी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा लेप हवा, नाहीतर हे कण रक्तातून लवकर काढून टाकले जातात.

2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील पहिल्या मानवी चाचणीत 16 रुग्णांना असे कण शिरेतून देण्यात आले आणि नंतर ग्रंथीत प्रकाशवाहक तंतू घालून लेसर सोडण्यात आला. लेसरची तीव्रता अशी ठेवली होती, की कण नसलेल्या ऊतीला इजा होऊ नये. त्यांपैकी 15 जणांत उपचार पूर्ण करता आला.

या यशाला एक मर्यादा आहे. शिरेतून दिलेले बहुतांश नॅनोकण यकृत व प्लीहेत अडकतात. दहा वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या 2016च्या एका लेखात, गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या मात्रेचा मध्यक अवघा 0.7 टक्का निघाला, आणि ती आकडेवारी प्राण्यांवरील प्रयोगांची होती. शिवाय प्रकाश पोहोचेल तेथेच उष्णता निर्माण होत असल्याने, अंगभर पसरलेल्या रोगावर हा उपचार एकट्याने पुरेसा ठरत नाही. तंतू नेता येईल अशा, एका जागी मर्यादित असलेल्या गाठींसाठीच तो आज विचारात घेण्याजोगा आहे.