मागच्या वर्षीचं उत्पन्न

बाबांनी मार्च 2019 मध्ये स्वेच्छानिवृत्ती (व्हीआरएस) घेतली. घेतली असं आपलं म्हणायचं. वाहन उद्योगात मंदी आली होती, सातपूरच्या त्यांच्या कारखान्यातली एक लाइन बंद पडली होती आणि सही न करणाऱ्यांच्या हातात परराज्यातल्या प्लान्टचं बदलीपत्र पडत होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते.

आलेल्या पैशांतून घराचं कर्ज फिटलं, आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि उरलेली रक्कम पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत गेली. तिसऱ्या वर्षाच्या फीची नोटीस लागली तेव्हा घरात पगार येत नव्हता. पहिली दोन वर्षं मला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती होती. खुल्या वर्गातल्या मुलामुलींना तेव्हा तिच्यातून निम्मं शिक्षण शुल्क मिळायचं. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) हवा आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मामा म्हणाला, आता तर काय, हक्काने मिळेल.

उत्पन्नाचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेलो. तिथल्या माणसाने बाबांचा फॉर्म 16 उघडला आणि एकूण रकमेच्या आकड्याभोवती पेन्सिलने गोल केला. वर्षभराचा पगार आणि मार्चमध्येच जमा झालेली व्हीआरएसची रक्कम मिळून सतरा लाखांच्या वर. "दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो, ताई. कागदावर आहे ते आम्ही बघतो." व्हीआरएसमधले 5 लाख आयकरातून सुटतात हे बाबांनी सांगून पाहिलं, पण त्याने कागद तसाच परत सरकवला. ज्या वर्षी आमच्या घरची कमाई थांबली, त्याच वर्षी आम्ही सरकारदरबारी श्रीमंत ठरलो.

मग कॉलेज. लेखा विभागाच्या खिडकीवर तोंडी विचारलं की एकच उत्तर यायचं, "फी भरा, मग बोलू." वर्गशिक्षकांनी सांगितलं म्हणून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज केला, कंपनीचं पत्र जोडलं आणि आवक-जावकच्या टेबलावर पोच घेतली. तीन हप्ते मिळाले. सूट एक रुपयाचीही नाही, पण पहिल्या हप्त्यावर नाव पटावर राहिलं.

बाकीसाठी शैक्षणिक कर्ज. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, विद्यार्थ्याच्या पुढच्या कमाईवर ते द्यायचं असतं, हे सगळं मी वाचून गेले होते. शाखेतले साहेब सगळं ऐकून घेऊन विचारते झाले, "वडिलांची सॅलरी स्लिप?" बाबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी पिशवीतून जुन्या स्लिपा काढल्या, मग पुन्हा आत ठेवल्या. शेवटी मामाची सही आणि त्याच्या स्लिपा लागल्या. अर्ज मी विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला होता, त्यामुळे तो निदान कुणाच्या ड्रॉवरमध्ये हरवला नाही.

चौथ्या वर्षी मात्र दाखला चुटकीसरशी निघाला. बाबा तोवर एका सोसायटीत सुपरवायझर म्हणून लागले होते. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. पैसे खात्यात आले ते डिग्री हातात पडल्यावर.

2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी नियम बराच उदार झाला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. चांगलंच झालं. पण मर्यादा तीच, 8 लाखांची, आणि ती मोजायची दाखल्यावरूनच. यंदा नोकरी गेली हे सांगायला अर्जात एक रकाना असायला हवा. मला तो कुठे सापडला नव्हता.

तोवर, ज्यांच्या घरी हे यंदा घडलं आहे त्यांनी दाखल्याच्या भरवशावर बसू नये. हप्त्यांचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि बँकेचं काम फीची नोटीस लागण्याआधी सुरू करा.