भिजत घोंगडे

'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. एखादे काम निकालात न काढता तसेच लोंबकळत ठेवणे, असा त्याचा अर्थ फळ्यावर लिहिला की मुले तो वहीत उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. घोंगडे भिजले म्हणजे नेमके काय होते, हे मला आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. वाघोलीच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या पोराने ते विचारावे तरी कशाला?

यंदाच्या पावसाळ्यात मात्र ते घरातच पाहण्याचा योग आला. आमचे अण्णा ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांचे घोंगडे त्यांच्याहून फारसे लहान नसावे. आजोबांनी ते सांगोल्याच्या बाजारात घेतले होते. काळ्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे, रंगाचे बोटही न लागलेले. अण्णांना रजई चालत नाही. तिच्यात ऊब नाही, नुसता उकाडा आहे, असे त्यांचे म्हणणे. झाले असे की, किलोवर कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानाचा मुलगा रजया न्यायला आला आणि खाटेवरचे घोंगडेही त्याने त्याच गाठोड्यात बांधून नेले. तिसऱ्या दिवशी ते परत आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुवासिक होऊन. साडेआठ फुटांचे घोंगडे पावणेसात फूट भरले! दुकानदाराने 'लोकरीचं असंच होतं' एवढे तत्त्वज्ञान ऐकवले आणि पावती पुढे केली.

अण्णा रागावले नाहीत. रात्री त्यांनी ते पायावर ओढले तेव्हा छाती उघडी पडली, छातीवर ओढले तेव्हा पाय. "आटलं," एवढेच म्हणाले आणि कुशीवर वळले.

आमच्या भाषेने एकाच क्रियापदावर किती भार टाकावा! दूध आटते, विहीर आटते आणि कापडही आटते. पण दुधातले पाणी वाफ होऊन जाते, विहिरीतले झरे आटतात. कापडातले काय जाते? काहीच नाही. सूत तेवढेच, वजन तेवढेच. ते फक्त अंग चोरून बसलेले असते. माझ्या आशेला जागा होती ती एवढीच.

आपला एखादा केस मुळाकडून टोकाकडे दोन बोटांत धरून ओढून पाहावा. तो सुळकन सरकतो. उलट ओढला तर किंचित अडतो. केसावर कौलांसारखे खवले असतात, त्यांची तोंडे टोकाकडे. लोकरीवर हेच खवले अधिक उठून असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण ही तिन्ही एकत्र आली की तंतू एकाच दिशेने सरकत जातात, खवल्यात खवला अडकतो आणि माघारी फिरायची वाट बंद होते. धुण्याचे यंत्र आणि त्यानंतरचा तो गरम हवेचा फिरता पिंप यांनी हेच काम तासाभरात उरकलेले असते.

सुती कापडाची गोष्ट निराळी. मागावर आणि गिरणीत ते ताणून ठेवलेले असते. पाणी लागले की ताण सुटतो आणि कापड मूळ जागी येते. म्हणून तर जुने शिंपी 'कापड भिजवून आणा, मग माप घेतो' असे बजावत. अमेरिकेतल्या सॅनफर्ड क्लूएट यांनी १९३० च्या सुमारास कापड विकण्याआधीच आटवून घेण्याची युक्ती काढली आणि आपल्याकडेही थानांच्या काठावर 'सॅनफोराइज्ड' हा शिक्का झळकू लागला. सुती सदरा आखडला तर तो ओला करून दोघांनी ताणावा आणि दमट असतानाच लांबीकडून इस्त्री फिरवावी. बरेचसे काम भागते. ओले सूत कोरड्याहून चिवट असते, ते ओढ सोसते. लोकर नेमकी उलट: ओली झाली की तिची ताकद घटते. तिच्याशी दांडगाई केली तर ती लांबत नाही, तुटते.

आशा ठेवावी की नाही, हे ओळखायची एक खूण आहे. विणलेला स्वेटर असेल तर टाके वेगवेगळे दिसतात का, एखादा धागा उसवून येतो का, ते पाहावे. येत असेल तर तंतू नुसते आकसलेले आहेत. धागाच हाती लागत नसेल तर त्याचे नमद्यासारखे झाले, असे समजावे. त्याचे हातमोजे शिवावेत, त्याला ओढत बसू नये. आमच्या घोंगड्याला जाडीभरडी लोकर कामी आली. मेरिनोसारख्या बारीक लोकरीवर खवले दाट, ती पटकन मिटते. दख्खनी मेंढीची टोचरी लोकर इतक्या लवकर हार मानत नाही. एका कोपऱ्याचा अपवाद सोडला तर उभे-आडवे धागे अजून मोजता येत होते.

मग रविवारी मोठ्या टबात कोमट पाणी घेतले, मनगटाला ऊन लागणार नाही इतपतच. त्यात माझ्या मुलीची केसांना लावायच्या कंडिशनरची अख्खी बाटली रिकामी केली. त्याचा थर खवल्यांवर बसतो आणि तंतू एकमेकांवरून घसरू लागतात. मुलींच्या केसांचा गुंता सुटतो तो याच कारणाने. "आजोबांचं घोंगडं माझ्यापेक्षा महाग शांपूनं न्हातंय," असे म्हणत ती बाटलीकडे पाहत राहिली. अर्ध्या तासाने उचलायला गेलो आणि वाक्प्रचाराचा अर्थ पाठीच्या कण्यात उतरला. भिजलेले घोंगडे एकट्याने उचलत नाही, पिळवत नाही आणि पिळायचेही नसते. जुन्या चादरींत गुंडाळून, वरून दाबून पाणी टिपावे लागते.

गच्चीवर सावलीत खाट टाकली. ताणायचे ते बोटांनी नव्हे, तळव्यांनी. मधून कडेकडे, एका वेळी बोटभर. काठ सुतळीने खाटेच्या माचव्याला जागोजागी बांधले. इथवर माझी विद्या संपली आणि अण्णांची सुरू झाली.

"खळ कोण देणार?" त्यांनी विचारले.

चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, पाण्यात शिजवले की खळ होते. घोंगडी विणणारे सनगर सुताला हीच खळ कुंच्याने देतात. नवे घोंगडे कडक लागते ते तिच्यामुळे. अण्णांनी खुर्चीत बसून पातळ खळ करवून घेतली आणि कुंचा स्वतःच्या हातात घेतला. हात कापत होता, पण कुंचा एकाच दिशेने जात होता. खळ वाळली की धागा ताणलेल्या जागी धरून राहतो, पुन्हा अंग चोरत नाही.

नवे घेता आले असते, मी तसे सुचवलेही. पण जत भागातली माडग्याळ मेंढी मांसासाठी परवडते आणि तिच्या अंगावर लोकर नावालाच. काळ्या मेंढीची कातरलेली लोकर घ्यायला गिऱ्हाईक येत नाही म्हणून ती माळावर टाकून देणारे धनगर अण्णांच्या माहितीत आहेत. "मिळेल रे," ते म्हणाले, "पण ह्याची टोचणी माझ्या ओळखीची आहे."

हा सगळा सोहळा तीन रविवार चालला. पहिल्या खेपेला सात इंच मिळाले, दुसऱ्या खेपेला चार, तिसऱ्या खेपेला दोनच. आता घोंगडे सात फूट दहा इंच आहे. तो एक कोपरा मात्र हटला नाही. "ह्याचं जेन झालं," अण्णांनी निकाल दिला. जेन म्हणजे लोकर न विणता, नुसती थापून-मळून केलेले जाड बसकर. तो कोपरा ते पायांखाली दुमडतात. तिथे दुहेरी ऊब लागते म्हणे.

मुलीची बाटली मात्र अजून आणून द्यायची आहे.