गाठीचे नेमके नाव

'गाठ' हा शब्द घरात उच्चारला गेला की 'कर्करोग' हा शब्द न उच्चारताच त्याच्या मागे येऊन उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच घडले. सासूबाईंचे वय तेव्हा ६३. पाळी थांबून १२ वर्षे झालेली. ओटीपोटात जडपणा होता, वारंवार लघवीला जावे लागे. पण वयाचाच परिणाम म्हणून त्यांनी कित्येक महिने कुणाला काही सांगितले नव्हते.

सोनोग्राफीत सुमारे ६ सेंटिमीटरची, पांढरी दिसणारी गाठ आढळली. गर्भाशयातील नेहमीची फायब्रॉइडची गाठ बहुधा काळसर दिसते. पांढरेपणा चरबीचा असू शकतो, आणि ओटीपोटात चरबीची गाठ म्हटले की प्रथम अंडाशयातील डर्मॉइडची शंका येते. डर्मॉइडमुळे अंडाशयाला पीळ पडण्याचा धोका असल्याने ती बहुधा काढून टाकतात. नातेवाइकांत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, उद्याच शस्त्रक्रिया करा. दुसरा म्हणे, या वयात पोटाला हात लावू नका. गाठ मुळात कोठून निघाली आहे, हे कुणीच विचारीत नव्हते.

तो प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी विचारला आणि एमआरआय करविला. या तपासणीत चरबीचा संकेत मुद्दाम दाबता येतो. तसे करताच गाठीचा उजळ भाग काळवंडला. चरबी निश्चित झाली. भोवती गर्भाशयाच्या स्नायूचे कडे होते आणि दोन्ही अंडाशय वेगळे, निरोगी दिसत होते. निदान झाले लायपोलिओमायोमाचे. स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली ही सौम्य गाठ क्वचितच आढळते, तीही मुख्यतः पाळी थांबलेल्या स्त्रियांत. विशेष त्रास नसेल तर तिच्यावर केवळ लक्ष ठेवता येते. ती वाढू लागली किंवा शंका उरली, तर मात्र काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

बाईंनी हे सारे आम्हांला नव्हे, थेट सासूबाईंना समजावले आणि विचारले, "मावशी, तुम्हांला काय वाटते?" क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "त्रास सोसण्याजोगा आहे. लक्ष ठेवू." आमच्या घरातील दोन्ही पक्ष तेथेच संपले. त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत गाठ तेवढीच आहे.

भगिनींनो, पाळी थांबल्यानंतरचा जडपणा असो वा थेंबभर रक्तस्राव, तो वयाच्या नावावर खपवू नका. आणि गाठ निघालीच, तर भिण्यापूर्वी तिचे स्थान आणि नाव विचारा.