डिकीचा वेढा

इसवी सन १२९६ मध्ये वेढ्यात सापडलेल्या देवगिरीवर धान्य म्हणून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं आणि रामदेवरावांना शरण जावं लागलं, असं सांगतात.

परवा त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी आमची तीच गत झाली. छत्रपती संभाजीनगरहून भल्या सकाळी वेरूळला निघालेलो. डबा डिकीत, आणि डिकी उघडेना! टपऱ्या बंद. आईनं साखरेची गोळी घेतलेली, तिचे हात कापू लागले.

मी किल्ली फिरवून झाकण जिवाच्या आकांतानं ओढतोय. खटका अधिकच घट्ट.

“ओढतोस काय? आपल्या जुन्या ट्रंकेसारखं आधी खाली दाब, मग किल्ली फिरव!”

दाबलं. आकड्यावरचा ताण गेला आणि झाकण खट्कन उघडलं.

दोन घास पोटात जाताच आईचा आवाज परतला. “अरे, पिठल्यात मीठ घालायचं राहिलंच की!”

मी मुकाट्यानं किल्ल्याकडे पाहिलं.